अपवाद

वर्गात मी दरवर्षी एक खेळ खेळतो. फळ्यावर 'सप्त' लिहिले की मुले ओरडतात, 'सात!' 'हस्त' लिहिले की 'हात!' 'भक्त'पाशी मात्र गाडे अडते. भक्ताचा 'भात' झाला, असे सांगितले की वर्गात हशा पिकतो. संस्कृतात 'भक्त' म्हणजे अन्नही. तो शब्द लोकांच्या तोंडी झिजत झिजत आपल्या ताटात भात होऊन आला. मग देवळातला भक्त का नाही झिजला? कारण तो मागाहून, पोथीच्या वाटेने मराठीत आला. त्याने नियम मोडला नाही. त्याची वाटच निराळी होती.

या खेळामागे एका थोर माणसाची शिकवण आहे. आउगुस्ट लेस्कीन (१८४०–१९१६) हे जर्मन पंडित लाइपझिग विद्यापीठात चाळीसहून अधिक वर्षे स्लाव्ह भाषा शिकवीत होते. रशियन, बल्गेरियन, सर्बियन या त्या घराण्यातल्या भाषा. ध्वनिबदलाच्या नियमांना अपवाद नसतात, असे त्यांनी १८७६ मध्ये निक्षून सांगितले. अपवाद दिसला तर नियम टाकू नका. त्या अपवादामागचे कारण शोधा, असा त्याचा अर्थ. फर्गसन महाविद्यालयाचे डॉ. पांडुरंग दामोदर गुणे याच लाइपझिगला शिकून आले, आणि १९१८ मध्ये त्यांनी तौलनिक भाषाशास्त्राची ओळख करून देणारे इंग्रजी पुस्तक पुण्यातच प्रसिद्ध केले. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्या मास्तरापर्यंत ते शास्त्र असे हातोहात पोचले.

या शास्त्राने दाखविलेली नाती मोठी गोड आहेत. संस्कृतातले 'नभ' रशियनमध्ये 'नेबो' आहे, 'द्वार' 'द्वेर' आहे. 'स्नुषा' आपल्याकडे 'सून' झाली, तिकडे 'स्नोखा'. 'देवर' आपल्याकडे 'दीर' झाला, तिकडे 'देवेर'. म्हणजे एकत्र कुटुंबच जणू हजारो कोस विखुरले, पण दीर आणि सून दोन्हीकडे आपापल्या नावाने नांदत राहिले!

पण नाते ठाऊक असले म्हणजे ते पाळले जाते का? १९१४ साली जर्मनी आणि रशिया यांच्यात युद्ध पेटले. जर्मन आणि रशियन या एकाच मुळाच्या शाखा, हे तोवर शाळेतल्या पुस्तकांत जाऊन बसले होते. त्याने एकही तोफ थांबली नाही. ते युद्ध चालू असतानाच १९१६ मध्ये लेस्कीन वारले. याचा दोष मी पंडितांना देणार नाही. नाते शोधून काढणे हे त्यांचे काम. ते निभावणे तुमचे-आमचे. आणि आपले आपसातले नाते कौरव-पांडवांना कोणत्या पंडिताने सांगायला हवे होते?

दूर कशाला जाऊ? वडिलांच्या पश्चात घराच्या वाटणीवरून माझा धाकटा भाऊ आणि मी सहा वर्षे बोललो नाही. भावाभावांनी समजुतीने घ्यावे हा नियम. आणि तो मोडणारा अपवाद म्हणजे तो, असे मी धरून चाललो होतो. वडिलांच्या आजारपणात तीन वर्षे रात्रीबेरात्री उठून त्यांना कूस पालटून देणारा तो होता. मी इकडे पुण्यात बसून कादंबरीतल्या माणसांची दुःखे लिहीत होतो. तो ज्या वाटेने त्या वाटणीपर्यंत आला, ती वाट मी कधी विचारलीच नाही. मुलांना जे दरवर्षी शिकवितो, ते एवढ्या एका ठिकाणी मी विसरलो.

या सहा वर्षांत आमच्या घरातून दर दिवाळीला फराळाचा डबा त्याच्याकडे गेला, तो माझ्या पत्नीने पाठविला म्हणून. "तुमचा भाऊ असेल किंवा नसेल," ती म्हणते, "माझे भाऊजी आहेत." 'दीर' हा शब्द इतकी वर्षे कोणी जिवंत ठेवला, ते मला त्या वाक्याने कळले.

यंदा डबा मी स्वतः घेऊन जाणार आहे. तो दार उघडील की नाही, ठाऊक नाही. उघडले तर मात्र आधी मी बोलणार नाही. त्याला बोलू देणार आहे.