दिशांची मर्यादा

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी ज्याच्याबद्दल आपण बायका सगळ्यांत कमी बोलतो, ते म्हणजे दिग्व्रत. कंदमूळ आणि रात्रीभोजन यांची चर्चा तर घराघरांत रोजचीच. पण ‘अमुक दिशेला अमुक ठिकाणापलीकडे मी जाणार नाही’ ही प्रतिज्ञा आता बैलगाडीच्या काळातली वाटते. लेक बेंगळुरूला, नणंद पुण्याला, भाचा परदेशात. मग दिशांना मर्यादा घालायची तरी कशी, असं म्हणून आपण पुढच्या व्रताकडे वळतो.

माझ्या आजेसासूबाई चातुर्मासात घटप्रभेपलीकडे जात नसत. माहेर नदीच्या पल्याड, तरी नाही. कुणी कारण विचारलं तर एवढंच म्हणायच्या, “पलीकडच्या जिवांस्नी चार म्हैने माझा तरास नको.” शाळा न शिकलेल्या बाईंनी व्रताचं सारच सांगितलं होतं. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात दिग्व्रताच्या सीमा सांगितल्या आहेत: समुद्र, नदी, जंगल, पर्वत. आणि पुढे म्हटलं आहे की, या सीमेबाहेर श्रावकाच्या हातून सूक्ष्म पापही घडत नाही, म्हणून तिथे त्याची अणुव्रतंसुद्धा महाव्रतांच्या तोडीची होतात. म्हणजे घरात चूल पेटवणारी, दळण-कांडण करणारी बाई रेषेपलीकडच्या जिवांना मुनींसारखं अभय देऊ शकते. ते पलीकडचे जीव तिला कधी दिसणार नाहीत, तिचं नावही त्यांना कळणार नाही.

हे सगळं आठवायचं कारण साधं आहे. नाताळच्या सुट्टीत आम्ही अंदमानला जायचं म्हणतोय. मुलगा, सून, नात आणि आम्ही दोघं. मराठी घरातून अंदमानला निघताना सेल्युलर जेल हे पहिलं कारण असतंच. बाबाराव आणि तात्याराव सावरकरांनी जिथे वर्षानुवर्षं कोलू ओढला, काथ्या कुटला, ती जागा पाहायची. मग हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, तिथला निळा समुद्र. पाण्याखालची प्रवाळं. ती जिवंत असतात, म्हणून नातीला आत्ताच सांगून ठेवलंय की पाय ठेवायचा नाही, काही उचलायचं नाही. सहल कंपनीच्या माणसाला मी कांदा, लसूण, बटाट्याचं सांगितलं. शिवाय तिकडे डिसेंबरात पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, तेव्हा जेवण त्याआधी हवं, हेही. तो सगळ्याला हो म्हणाला.

अडलं ते चौथ्या दिवसावर. त्या दिवशी कागदावर लिहिलं होतं, बाराटांग. चुनखडीच्या गुहा, खारफुटीतून बोट आणि चिखलाचा ज्वालामुखी. पहाटे तीन-साडेतीनला निघायचं, कारण जिरकाटांगच्या चौकीवरून गाड्यांचे ताफे ठराविक वेळेलाच सोडतात. त्यापुढचा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला काही द्यायचं नाही, असे नियम आहेत. आणि तरीही तो माणूस फोनवर मोठ्या उत्साहाने म्हणाला, “मॅडम, नशीब असेल तर जारवा दिसतात. तेच तर मेन आहे.”

जारवा म्हणजे जेमतेम काही शे माणसं. शतकानुशतकं ते बाहेरच्यांपासून दूर राहिले. १९९७-९८ च्या सुमारास आपणहून जंगलाबाहेर येऊ लागले, आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याकडे गोवर म्हणजे मुलाला चार दिवस अंथरुणात ठेवायचं. पण ज्या रक्ताला तो आजार ठाऊकच नाही, तिथे तो अख्खी वस्ती नेऊ शकतो. त्याच बेटांवरच्या ग्रेट अंदमानी लोकांचं हेच झालं. १८५८ मध्ये इंग्रजांनी कैद्यांची वसाहत केली तेव्हा ते हजारोंच्या संख्येत होते. १८७७ मध्ये गोवर आला, इतरही रोग आले. २०११ च्या जनगणनेत ते पन्नासही उरले नव्हते. सगळ्यांनाच काही शस्त्राने मारलं नव्हतं. बरेचसे नुसत्या जवळ जाण्याने गेले.

आणि २०१२ ची ती चित्रफीत. पर्यटकांसमोर जारवा बायकांना नाचायला सांगणारा आवाज, आणि बदल्यात खाऊ. ती बातमी मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचली होती. त्या बायका कुणाच्या तरी लेकी, कुणाच्या तरी आया.

इथे मला आपल्याच अनुभवाचं एक सांगायचं आहे. आपल्या गावांतून मुनिसंघाचा विहार होतो, तेव्हा रस्त्यावरचं एखादं टोळकं मोबाईल काढतं, एकमेकांना कोपरखळ्या मारतं, हसतं. आपल्याला ते किती लागतं! मुनींची दिगंबर अवस्था हा सर्वस्वाचा त्याग आहे, जारवांचं तसं राहणं ही त्यांची रीत आहे. दोन्ही एक नव्हेत. पण पाहणारा डोळा एकच. समोरच्या माणसाचं आयुष्य काय आहे याच्याशी त्या डोळ्याला कर्तव्य नसतं, त्याला फक्त कपडे नसलेलं शरीर दिसतं. त्या डोळ्याचा त्रास ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तरी गाडीच्या काचेआडून तसं बघू नये.

सून हुशार आहे, ऐकून घेणारी नाही. ती म्हणाली, “आई, आपण तर गाडीतून उतरणारसुद्धा नाही. आणि त्याच रस्त्याने तिथले लोक रोज जातातच ना?” जातात. मधल्या अंदमानातला आजारी माणूस दवाखान्यासाठी त्याच रस्त्याने येतो, भाजीपाला त्याच रस्त्याने जातो. पण आपल्याकडे अनर्थदंड असा एक नेमका शब्द आहे: प्रयोजनाशिवाय केलेली हिंसा. संसाराला लागणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही, हे शास्त्रालाही मान्य आहे. पण जी गरजेची नाही, तिचा हिशेब वेगळा. रुग्णाची गाडी आणि माझी गाडी एकाच डांबरावरून धावली तरी दोन्हींचं प्रयोजन एक नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव भागातला तो रस्ता बंद करायला सांगितलं होतं. तो सुरूच राहिला, आणि तो सुरू ठेवणाऱ्यांत पर्यटकांच्या पैशाचाही वाटा आहेच.

“आपण नाही गेलो तर ताफा थांबणार आहे का?” हा तिचा दुसरा प्रश्न. नाही थांबणार. आपली सीट दुसरं कुणी घेईल. पण म्हणून व्रत वाया जात नाही. आजेसासूबाई नदीपलीकडे गेल्या नाहीत म्हणून तिथली हिंसा काही थांबली नव्हती. तिच्यात त्यांचा भाग नव्हता, इतकंच.

“मग विमान, बोटी, हॉटेलचं पाणी, त्याचं काय?” हा तिसरा. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. ज्या बेटांवर आम्ही उतरणार, तीही एके काळी त्याच जंगलवासींची होती. अणुव्रत या शब्दातच लहानपण आहे. आपल्या आवाक्यातली एक रेषा काढायची आणि ती पाळायची. रेषा काढणाऱ्याने जगच सोडलं पाहिजे, असं म्हणू लागलो तर कुणीच कसलीच रेषा काढणार नाही.

तेव्हा बाराटांग आम्ही काढून टाकलंय. सहल कंपनीचा माणूस नाराज आहे, मुलगा गप्प आहे, आणि चौथ्या दिवसापुढे कागदावर ‘मोकळा’ असं लिहिलंय. सुनेला अजून पुरतं पटलेलं नाही. “एवढे पैसे घालून एक दिवस नुसतं बसायचं?” असं काल ती पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, बसू. समुद्राकाठी, दशम्या-चटणी घेऊन, सूर्य मावळायच्या आत जेवून. उत्तरेकडच्या त्या जंगलात कुणीतरी मध काढत असेल, मासे मारत असेल, लेकराला पाजत असेल, आणि त्या दिवशी त्यांच्या वाटेवर आमची गाडी नसेल.