ठेव आणि राखणदार

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत. त्यांत ऋणादानानंतर लगेच निक्षेपाचें, म्हणजे विश्वासानें दुसऱ्यापाशीं ठेवलेल्या वस्तूचें, पद येतें. ठेव परत न करणाऱ्यास चोराप्रमाणें शासन करावें असें म्हणणारा स्मृतिकार एके ठिकाणीं मात्र राखणदाराची मुक्तता करतो. ठेव चोरांनीं नेली, पाण्यानें वाहून नेली किंवा अग्नीनें जाळली, आणि राखणदारानें तिच्यांतून स्वतः कांहीं घेतलेलें नसलें, तर ती भरून देण्याचा भार त्याच्यावर नाहीं. नियम न्याय्य आहे. मनुष्याच्या हातीं जें नाहीं त्याचा जाब मनुष्यास विचारणें हा न्याय नव्हे.

आपल्या काळीं घरोघर एक नवी ठेव सांठत आहे. लग्नें, बारशीं, प्रवास, गेलेल्या माणसांचे चेहरे व आवाज, सातबाराचे उतारे, मुलांचीं प्रमाणपत्रें, हें सारें आतां मोबाइलमध्यें वा संगणकांत असतें, आणि बहुधा घरांतील कोणी तरी एकच माणूस तें सांभाळीत असतो. तें नष्ट झालें तर मनूची सूट त्या माणसास मिळावी काय?

हा प्रश्न मला ग्रंथ वाचतांना सुचलेला नाहीं. आमच्या घरीं संगणकाचें थोडेंबहुत ज्ञान मलाच, म्हणून भावंडांनीं आपापलीं छायाचित्रें मजकडे सोंपविलीं होतीं. बारा वर्षांचे सणवार, दोन लग्नें आणि आईची शेवटची दिवाळी मीं एका हार्ड डिस्कवर सालवार लावून ठेविली, आणि ‘आतां काळजी नाहीं’ असें सांगून सर्वांना मूळ चित्रें पुसून टाकण्यास लाविलें. पुढें एके दिवशीं ती डिस्क चालूं असतांना टेबलावरून पडली. अशा डिस्कमधील तबकडी मिनिटाला हजारों वेळां फिरत असते, आणि अक्षरें वाचणारा भाग तिच्यावर केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनहि कमी अंतरावर तरंगत असतो. दुरुस्त करणाऱ्यानें तबकडीवर उठलेला ओरखडा मला दाखविला आणि डिस्क परत दिली. बहिणीला सांगितलें तेव्हां ती म्हणाली, “राहूं दे, दादा. पडली त्याला तूं काय करणार?” मनूनें देऊं केलेली सूटच तिनें मला दिली होती. ती मला घेववेना. कां घेववेना, याचा विचार मीं तेव्हांपासून करीत आलों आहें.

12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि पुण्यांतील नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. भिंतीवरील तसबिरी, पेटींतील पत्रें, वडिलांच्या हातच्या वह्या, हें त्या दिवशीं किती घरांतून गेलें असेल! त्याबद्दल त्या घरांतील कर्त्या माणसांस कोणीहि दोष दिला नाहीं, आणि देऊंहि नये. तसबीर एकच होती; ती जेथें होती तेथें पाणी आलें. मनूची सूट अशा वस्तूंसाठीं आहे. सोन्याची बांगडी एकाच वेळीं दोन गांवीं असूं शकत नाहीं. म्हणून ती जेथें आहे तेथील आपत्ति हीच तिची आपत्ति ठरते.

पोथीची गोष्ट निराळी होती. ती दुसऱ्या गांवीं असूं शकत होती, परंतु त्यासाठीं कोणास तरी महिनेच्या महिने बसून ती उतरून काढावी लागे, आणि उतरतांना चुका होत. भांडारकर संस्थेनें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठीं 1259 हस्तलिखितें जमविलीं; 1919 मध्यें आरंभिलेलें तें काम 1966 मध्यें संपलें. प्रतींतील भेद निवडण्यांत विद्वानांची एक पिढी गेली. पण भेद निवडावयास प्रती उरल्या होत्या, हें त्या नांव नसलेल्या लेखकांचे उपकार.

आज तेच काम क्षणांत होतें, आणि एका बिंदूचाहि फरक न पडतां होतें. या वस्तूला मूळ आणि नक्कल हा भेदच उरलेला नाहीं. एकच वस्तु एकाच वेळीं पुण्यांत, नागपुरांत आणि लंडनमध्यें असूं शकते. ही गोष्ट एकदां ध्यानांत घेतली कीं, मनूच्या सुटीचा आधारच सुटतो. प्रत काढणें जितकें कष्टाचें, तितका ती न काढल्याचा दोष थोडा; कष्ट जसजसे कमी झाले तसतसा दोष वाढला. माझी डिस्क पडली हा अपघात होता. चित्रें एकाच डिस्कवर होतीं, हा अपघात नव्हता.

मोठमोठ्या संस्थाहि येथें चुकल्या आहेत. 26 सप्टेंबर 2025 रोजीं दक्षिण कोरियांतील देजॉन येथें सरकारी माहिती-केंद्रास आग लागली आणि सरकारी नोकरांच्या कागदपत्रांचा 858 टेराबाइटांचा सांठा जळाला. संग्रह फार मोठा म्हणून त्याची प्रत बाहेर ठेवलेली नव्हती, असें कारण सांगण्यांत आलें. वस्तु जितकी मोठी तितकी तिची काळजी कमी, हा न्याय विचित्रच म्हटला पाहिजे. उलट 1998 मध्यें ‘टॉय स्टोरी 2’ या चित्रपटाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेनें पुसल्या जाऊं लागल्या, आणि राखीव प्रत कामाची नाहीं असें आढळलें, तेव्हां गेलिन सस्मन या बाईंच्या घरच्या संगणकावरील प्रतीनें तें काम वांचविलें. घरीं तान्हें मूल असल्यामुळें त्या घरून काम करीत, म्हणून ती प्रत तेथें होती. ज्या प्रतीवर भरंवसा होता ती कधीं उघडूनच पाहिलेली नव्हती. हा धडा आगीच्या धड्याइतकाच मोलाचा आहे.

या अनुभवांतून जाणत्यांनीं एक साधा नेम बांधला आहे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानें तो रूढ केला. प्रती तीन असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक तरी दुसऱ्या ठिकाणीं असावी. अग्नि, पाणी आणि चोर या तिघांचाहि त्यांत विचार आहे. आजचा चोर घरांत न येतां संगणकांतील फाइली कुलुपांत घालून खंडणी मागतो; जोडून ठेवलेली डिस्कहि त्यांतून सुटत नाहीं, म्हणून एक प्रत काढून वेगळी ठेवावी लागते. तसेंच, मोबाइलमधील चित्रें ‘क्लाउड’वर आपोआप दिसतात म्हणून निश्चिंत राहूं नये. पुष्कळदां ती प्रत नसून आरसा असतो: येथें पुसलें कीं तेथेंहि पुसलें जातें.

कोणी म्हणेल, हा सारा मोहाचा पसारा आहे. जें जावयाचें तें जाणारच. हजारों चित्रें जपून कोण कधीं पाहणार? या आक्षेपांत तथ्य आहे. न निवडतां सांठविणें म्हणजे जपणें नव्हे, आणि नको तें पुसण्यास मीहि भीत नाहीं. परंतु वैराग्य स्वतःच्या वस्तूचें करावें. दुसऱ्याच्या ठेवीचें वैराग्य करण्याचा अधिकार राखणदारास नाहीं. आईचा चेहरा माझ्या एकट्याचा नव्हता.

येथेंच मला माझी खरी चूक सांपडली. मीं प्रत काढली नाहीं, ही वरवरची चूक. सर्वांची आठवण मीं एकट्यानें आपल्या कुलुपांत घेतली, ही मुळांतील. भावंडांपाशीं तीं चित्रें पूर्वी विखुरलेलीं होतीं, म्हणून सुरक्षित होतीं. मीं तीं नीट लाविलीं आणि त्यांचा नाश सोपा केला. नेमांतील ‘दुसरें ठिकाण’ याचा अर्थ बहुधा दुसरा माणूस असाच होतो. ज्याच्या हातीं प्रत द्यावयाची, ज्याला आपल्या पश्चात् कुलुपाचा शब्द ठाऊक असावयाचा, असा माणूस हवा. आपण चुकूं शकतों, आपण मरणार आहों, हें ज्यानें मनापासून मानलें, तोच दुसऱ्यास प्रत देतो.

त्या दिवाळीचीं तीन चित्रें मागाहून मिळालीं. बहिणीनें तीं त्या वेळीं नागपुरास मावशीला मोबाइलवरून पाठविलीं होतीं, आणि मावशीनें तीं पुसलीं नव्हतीं. पाठवितांना तीं लहान झालीं आहेत. आईच्या हातांतील पणती ओळखूं येते, तिची ज्योत मात्र नुसता पांढरा ठिपका दिसते. आतां तीं तीन घरीं आहेत. दर पाडव्याला आम्ही तिघेंहि आपापली प्रत उघडून पाहतों आणि एकमेकांस तसें कळवितों.