न हलणारी माणसं

जुन्या सिनेमात नायिकेला गतकाळ आठवला की पडदा लाटांसारखा हलायचा आणि मग सगळा प्रसंग संवादांसकट सलग दिसायचा. आठवण म्हणजे जणू घडी करून ठेवलेली पैठणी; काढली, झटकली, की जशीच्या तशी. आपल्या डोक्यात असं कुठे होतं? पोळी लाटणारा आजीचा हात आठवतो. पोळी तव्यावर टाकून ती कुठे वळली, काय बोलली, ते काही केल्या आठवत नाही.

ख्रिस मार्करचा ‘ला जेते’ (१९६२) या तुटकपणाशी प्रामाणिक राहतो. २८ मिनिटांचा हा फ्रेंच लघुपट जवळपास पूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा आहे. तिसऱ्या महायुद्धात पॅरिस बेचिराख झालंय, वाचलेली माणसं भुयारांत राहतात. कैद्यांवर कालप्रवासाचे प्रयोग चालतात. बहुतेक जण मरतात किंवा वेडे होतात. त्यातल्या एकाची निवड होते ती लहानपणीचं एक दृश्य त्याला सोडत नाही म्हणून: ओर्ली विमानतळाचा सज्जा, एका बाईचा चेहरा, कोसळणारा माणूस. पछाडलेपण ही इथे चक्क पात्रता ठरते!

तो भूतकाळात जातो, ती बाई त्याला भेटते. दोघं बागेत फिरतात, संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी पाहतात. सगळं थिजलेलं. मग ती झोपलेली दिसते. एकातून दुसरं छायाचित्र उमलत जातं, पक्ष्यांचा कलकलाट वाढतो आणि अचानक ती डोळे उघडून थेट आपल्याकडे पाहते. अख्ख्या चित्रपटात हलतं दृश्य एवढंच. लगेच पडद्यावर प्रयोग करणाऱ्याचा चेहरा येतो. ज्याला गेलेलं माणूस पुन्हा जिवंत पाहायचंय, त्याला मिळून मिळून एवढंच मिळतं.

याच कथेवरून टेरी गिलियमने ‘ट्वेल्व्ह मंकीज’ (१९९५) केला. चांगला आहे, पण दोन तासांहून मोठ्या चित्रपटाला कारणं पुरवावी लागतात: विषाणू कुठून आला, कोणी पसरवला. मार्कर युद्ध काही वाक्यांत उरकतो. लघुपटाला हे परवडतं, आणि भुताला कारणमीमांसा मानवत नाही.

‘ला जेते’च्या आधी मार्कर आलाँ रेनेच्या ‘नाइट अँड फॉग’चा (१९५५) साहाय्यक होता. नाझी छळछावण्यांवरच्या या ३२ मिनिटांच्या माहितीपटात एका छायाचित्रात फ्रेंच शिपायाची टोपी दिसत होती. छावणीवर पहारा आपलाच होता, ही आठवण फ्रान्सच्या सेन्सॉरला नको होती. टोपीवर तुळई रंगवून ती झाकायला लावली. विसरणं आपोआप होतं असं आपण मानतो. इथे मात्र त्यासाठी रंग आणि कुंचला लागला.

आपल्याकडे पायल कपाडियाने ‘अँड व्हॉट इज द समर सेइंग’ (२०१८) हा लघुपट भीमाशंकरच्या जंगलाजवळच्या कोंडवळ गावात चित्रित केला. त्यातला नामदेव झाडांच्या शेंड्यांवर मध शोधतो. गावातल्या बाया हरवलेल्या प्रेमाच्या गोष्टी कुजबुजतात. मला तो आवडतो तो या कुजबुजीमुळे. लाटा उठत नाहीत, प्रियकर पडद्यावर अवतरत नाही. मराठी लघुपटांत आठवण आली की अजूनही बासरी सुरू होते आणि पडदा पिवळसर होतो. त्या दिग्दर्शकांनी कोंडवळची ही फेरी जरूर मारावी.