निदान

‘निदान’ हा मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे. वैद्याच्या तोंडी आला तर रोग ओळखणं, आणि बायकोच्या तोंडी आला तर ‘निदान दळण तरी आणा!’ एकीकडे शास्त्राचं शिखर, दुसरीकडे अपेक्षांचा तळ. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात कसे काय नांदतात, याचा थोडाफार उलगडा मला टेक्सासमधल्या भाच्याच्या ट्रकमुळे झाला.

भाच्याकडे 1999 सालचा डिझेल पिकअप आहे. पिकअप म्हणजे पुढे माणसं आणि मागे उघडा हौदा. या हौद्यातून आमचा भाचा आठवड्याची भाजी आणतो. एंजिन कमिन्सचं. 1962 साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स निघाली तेव्हापासून आम्ही पुणेकर कमिन्सला घरचंच समजतो, त्यामुळे एंजिनावर मी एक शब्द ऐकून घेत नाही. गिअरबॉक्स मात्र ऑटोमॅटिक. ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास गाडी गेली की फेऱ्यांचा काटा वर-खाली नाचायचा आणि गाडीला उचकी लागायची. भाच्याने ती एका गॅरेजात नेली. तिथल्या गृहस्थांनी बॉनेटसुद्धा न उघडता निकाल दिला : गिअरबॉक्स गेला, नवा बांधावा लागेल, काही हजार डॉलर.

आता हा गृहस्थ लबाड होता असं मी म्हणणार नाही. माणसाचा स्वभावच असा आहे की मोठ्या दुःखाला त्याला मोठा गुन्हेगार लागतो. तो नसेल तर निदान गरीब तरी. घरातली चांदीची वाटी दिसेनाशी झाली की संशय भांडीवाल्या बाईवर. महिन्याभराने वाटी देवघराच्या मागे सापडते, पण तोवर बाई काम सोडून गेलेली असते, आणि चार घरी तिचं नावही गेलेलं असतं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हे तसंच गरीब जनावर आहे. आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही, आणि त्याला स्वतःच्या बचावाचं बोलता येत नाही. दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो ना? गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेच होतं, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. पण पंख्यांत थोडी घसर राहतेच. म्हणून गाडी वेगात आली की आतला एक क्लच दोघांना कुलूप घालतो. हे कुलूप केव्हा घालायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, आणि तो ठरवतो ॲक्सिलरेटरवरच्या पायावरून.

इथे खरी गंमत आहे. अल्टरनेटरमध्ये वीज तयार होते ती उलटसुलट धावणारी. तिला एका दिशेला लावायचं काम डायोडचं. एखादा डायोड दमला की ती उलटसुलट लहर वायरींमध्ये शिरते, आणि कॉम्प्युटरला वाटतं, मालकाचा पाय थरथरतोय! मग तो कुलूप घालतो, काढतो, घालतो, काढतो. उचकी गिअरबॉक्सला लागते, पण आठवण अल्टरनेटर काढत असतो. या जातीच्या ट्रकांत हा आजार इतका प्रसिद्ध आहे, की काही मालक त्या वायरींना चक्क पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद गुंडाळतात.

परीक्षा सोपी. अल्टरनेटरची वायर काढून ठेवायची आणि एक फेरी मारायची. उचकी थांबली तर आरोपी सापडला. हे काही अमेरिकेचं शहाणपण नव्हे. आपल्या आयुर्वेदात निदानाची पाच अंगं सांगितली आहेत. त्यांतलं एक उपशय, म्हणजे कशाने बरं वाटतं त्यावरून रोग ओळखणं. स्कूटर सुरू झाली नाही की तिला आडवी करणारे आपण सगळे या अर्थाने वैद्यच.

भाच्याने फेरी मारली. उचकी थांबली. गिअरबॉक्स निर्दोष सुटला.

इथेच लेख संपवता आला असता तर मलाही बरं वाटलं असतं. पण गिअरबॉक्स खरोखरच जातात, हो! तेलाची कांडी बाहेर काढल्यावर लाल तेल काळं दिसलं, करपल्याचा वास आला, खालच्या तबकात धातूचे कण चमकले, तर तिथे वायरी पुसत बसणं ही दया नव्हे. घसरणारा क्लच तेल तापवतो, तापलेलं तेल उरलेले क्लच जाळतं. संशयाचा फायदा ज्याला द्यायचा, तोच त्या फायद्यापायी मरतो. कोर्टात तारीख पडली तर आरोपी निदान घरी जेवायला तरी जातो. इथे खटला लांबला की आरोपी खलास. मग चौकशी करायची ती किती? फाशी द्यायच्या आधी किती, आणि सोडून द्यायच्या आधी किती? मला वाटतं, निदान एवढी तरी, की जिला खर्च नाही, फक्त वेळ लागतो. गॅरेजातल्या गृहस्थाने वीस मिनिटं वाचवली, त्याचा मला राग आहे. पण निकाल आपल्या बाजूने लागल्यावर चौकशी तिथेच थांबवणारे आपणही काही कमी नाही.

परवा भाच्याचा फोन आला. ‘मामा, सकाळच्या थंडीत गाडी रिव्हर्समध्ये टाकली की तीन सेकंद नुसती उभीच राहते.’

‘तेल पाहिलंस?’

‘पाहिलं ना! अगदी खुणेला आहे. गाडी चालू ठेवून, पार्कमध्ये टाकून पाहिलं.’

‘अरे, या गाडीचं न्यूट्रलमध्ये पाहायचं असतं. पार्कमध्ये कन्व्हर्टर भरत नाही, कांडी जास्तच तेल दाखवते.’

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग गॅरेजचं शटर वर गेल्याचा आवाज आला.