मळा आणि अभंग

आज चिंतनाला गीतेच्या 18व्या अध्यायातला 46वा श्लोक घेऊ. ज्याच्यापासून सगळे जीव आले आणि जो सगळीकडे भरून आहे, त्याला माणसाने आपल्या कर्मानेच पुजावं, असा त्याचा भाव. ज्ञानोबा माऊली तर इथं कर्मालाच फूल म्हणतात. म्हणजे हार विकत आणायला नको, हातातलं काम वाहायचं.

ऐकायला गोड वाटतं. पण घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्याचं सगळं करता करता वारी हुकली, काकडा हुकला, पोथीचं पानही उलटत नाही, अशा माऊलीनं काय करायचं? देव तिला लांबच राहिला का?

याचं उत्तर सावता महाराजांच्या मळ्यात आहे. गाव अरण, तालुका माढा, जिल्हा सोलापूर. पंढरी तिथून फार लांब नाही. तरी परंपरा सांगते की सावतोबा मळा सोडून गेले नाहीत. त्यांना विठ्ठल भाजीच्या वाफ्यातच दिसला. 1295 साली त्यांनी समाधी घेतली. मळ्यात राबणाऱ्या या माणसाचे अभंग वारकरी आजही टाळ-मृदंगावर गातात.

माळी आणि गायक एकाच देहात कसे नांदले? दोन्ही कामांचा स्वभावच एक आहे हो!

रोपाला महिन्याचं पाणी एकाच दिवशी ओतून चालत नाही. गळ्याचंही तेच, थोडं थोडं पण रोज. नामाचंही तेच.

मळ्यात खुरपणी असते. आपण रोपाला ओढून मोठं करत नाही, भोवतीचं तण काढतो. तंबोरा लावतानाही खुंटी हलक्या हाताने फिरवत राहायचं. तारेतला फरक गेला की सूर आपोआप भरून येतो. मनातली चिडचिड, तुलना, 'माझंच नशीब असं' ही कुरकुर, हे आपलं तण.

आणि वाफसा! पाणी दिल्यावर शेतकरी लगेच कुदळ घालत नाही. जमिनीत ओल आणि हवा दोन्ही नीट होईपर्यंत थांबतो. वरून काही घडत नाही, आत मात्र मुळं श्वास घेत असतात. गाण्यातही दोन सुरांमध्ये जागा लागते. गवई तिथं गप्प असतो, पण ताल चुकलेला नसतो. आजारी माणसाच्या उशाशी गेलेली वर्षं अशीच असतात. गाणं थांबलंय असं वाटतं, पण ताल चालूच असतो.

पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, तेव्हा त्याचा धुमारा घुमतो. शेतातला गहू, जात्यावर दळलेला, पाण्यात भिजवलेला, शेवटी कीर्तनात बोलतो. मग तुमच्या हातून भरवलेला पेजेचा घास पांडुरंगापर्यंत पोचणार नाही का?

आजचा नेम एवढाच. वेळेवरचं औषध देताना, कूस बदलताना, चादर झटकताना एकदा 'विठ्ठल' म्हणायचं. वेगळा वेळ काढायचा नाही. कामाच्या तालावरच नाम बसवायचं.

पांडुरंगा, मळा तुझा आहे, पाणी तुझं आहे. आमच्या हातून खुरपणी तेवढी रोज होऊ दे.

राम कृष्ण हरी!