परीक्षकाची परीक्षा

एखाद्या साधनाचे मूल्य त्याच्या गुणांची यादी करून ठरवावे, की त्याच्याकडून काम करवून घेऊन? उधन्याच्या यंत्रमागावर राबणाऱ्या कारागिरास हा प्रश्न पडत नाही. तो कापड पाहतो; आणि कापड बिघडले, तर दोष मागाचा, सुताचा की हाताचा, हे त्याला शोधावेच लागते.

संगणकावर ठेका रचणारे ड्रम सिक्वेन्सर या मागाच्या दूरच्या नात्यातले आहे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डने जो माग सिद्ध केला, त्यात कोणता उभा धागा उचलावा हे पुठ्ठ्यावरील छिद्रे ठरवीत. त्याच्या नावाचे माग सुरतेत आजही चालतात. सिक्वेन्सरमध्येही चौकटींची ओळ असते: भरलेल्या चौकटीवर ठोका, रिकाम्या चौकटीवर शांतता. १९८० सालच्या रोलँड टीआर-८०८ या यंत्रात अशी सोळा बटणे होती. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली त्याच्या साथीने दहा राग ध्वनिमुद्रित केले. तेव्हा त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० साली ते पुन्हा प्रसिद्ध झाले, तेव्हा जगभर नावाजले गेले.

'हायड्रोजन'सारखे विनामूल्य सॉफ्टवेअरही अशाच चौकटी मांडते. खानदेशातून उधन्यास आलेल्या कुटुंबांच्या भजनांतील आठ मात्रांचा ठेका त्यांत सहज मावतो. आता सात मात्रांचा रूपक बसवून पाहावा. ओळीची लांबी बदलता येते. परंतु रूपकाची सम खालीवर असते, हे यंत्रास ठाऊक नसते. जोर कमीअधिक केला नाही, तर सर्व ठोके एकाच वजनाचे पडतात. ऐकणारा म्हणतो, "यंत्र निर्जीव आहे." वास्तविक जोर बदलण्याची सोय यंत्रात आहे, कोणत्या मात्रेस किती वजन द्यावे, हे मात्र रचणाऱ्यानेच जाणावयाचे असते.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. जो केवळ सोयी मोजून निर्णय देतो, तो स्वतः सुरक्षित राहतो. जो संगीत रचून निर्णय देतो, त्याचा ठेकाही लोक ऐकतात, आणि निर्णय चुकीचा असेल तर तो ऐकूनच त्याला धरतात. न्याय करणाऱ्याने एवढा धोका पत्करावा, हे मला योग्य वाटते. म्हणून परीक्षण लिहिणाऱ्याने आपली रचना त्यासोबत ठेवावी आणि यंत्राचे उणे कोणते व आपले कोणते, हे वेगळे करून सांगावे. कापड न दाखविता मागाची निंदा करणाऱ्याचे उधन्यात कोणी ऐकणार नाही.