प्रीतीचा क्रम

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायात एक शास्त्री प्रभू येशूसमोर उभा राहतो. परमेश्वरावर सर्वस्वाने आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, हे नियमशास्त्राचे सार त्याला मुखोद्गत आहे. त्याची अडचण त्यापुढची आहे. शेजारी म्हणजे नेमका कोण, हे त्याला ठरवून हवे आहे. प्रश्न निरागस दिसतो. परंतु शेजाऱ्याची व्याख्या मागणाऱ्याला बहुधा शेजारी कोण नाही, हेच जाणून घ्यायचे असते. प्रभूने व्याख्या दिली नाही. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटल्या गेलेल्या एका माणसाची कथा सांगितली आणि शेवटी प्रश्नच फिरवला: त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला?

ही कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. तरीही शास्त्र्याचा प्रश्न आपल्यातून गेलेला नाही. 2019 या एकाच वर्षी आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांनी दोन टोके पाहिली. उन्हाळ्यात माण, आटपाडी, जत या भागांत चाऱ्यापाण्यासाठी वणवण होती. ऑगस्टमध्ये कृष्णा पात्राबाहेर आली, सांगली शहर पाण्यात उभे राहिले आणि ब्रह्मनाळ येथे माणसांना सुखरूप स्थळी नेणारी नावच उलटली. अशा प्रत्येक संकटात धर्मग्रामात धान्य, कपडे, पैसे जमतात आणि त्याबरोबर एक प्रश्नही उभा राहतो: हे आधी कोणाला द्यायचे? आपल्या माणसांना, की सर्वांना?

‘आपली माणसे आधी’ असे म्हणणाऱ्यास आम्ही दोष देणार नाही. या दोन जिल्ह्यांत कॅथलिक कुटुंबे मूठभर आहेत. कित्येक जण नगर जिल्ह्याकडून रेल्वे, रुग्णालय, शाळा किंवा कारखान्याच्या नोकरीनिमित्त येथे आले. एखाद्या गावात आपले एकच घर असते. आपणच आपल्याला विचारले नाही तर कोण विचारणार, ही भीती पोकळ नाही. शिवाय या म्हणण्याला पवित्र शास्त्राचाही आधार आहे. संत पौल गलतीकरांस लिहितो की सर्वांचे बरे करावे, आणि विशेषतः विश्वासाने एका घरचे झालेल्यांचे करावे. मग प्रभूची कथा आणि प्रेषिताचा उपदेश यांचा मेळ कसा घालावा?

संत थॉमस अक्वायनस यांनी 13 व्या शतकात हा प्रश्न फार बारकाईने हाताळला. प्रीतीला क्रम असतो, हे ते मान्य करतात. आईवडील, मुलेबाळे, एका श्रद्धेचे लोक यांचे आपल्यावर अधिक ऋण आहे. सर्वांवर सारखेच प्रेम करतो असे म्हणणारा पुष्कळदा कोणावरच करीत नाही. परंतु याच विवेचनात ते एक मर्यादा घालतात. एखादा परका मनुष्य प्राणांतिक गरजेत असेल आणि आपल्या पित्याची गरज तितकी तातडीची नसेल, तर आधी त्या परक्याकडे धावावे. म्हणजे नाते हा क्रम ठरवणारा एक निकष आहे. गरज हा दुसरा. दोघांची गरज सारखी असेल तर आपल्या माणसाला आधी द्यावे, यात पाप नाही. पण आपल्या घरी पायरी भिजली आहे आणि पलीकडच्या वस्तीत चूल वाहून गेली आहे, अशा वेळी ‘आपला’ हा शब्द पुढे करणे म्हणजे नात्याच्या आडून गरजेला नाकारणे होय. संत पौलाचे ‘विशेषतः’ हे ‘केवळ’ नव्हे.

याची साक्ष आपल्याच मातीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे घराणे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे, जैन धर्माचे. त्यांनी 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 मध्ये तिचे कार्य साताऱ्यास आणले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची गरीब मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. मुलांच्या अन्नाची भ्रांत पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही विकले. व्यवहाराच्या क्रमाने पाहिले तर ते सोने त्यांच्या पोटच्या मुलांचे होते. लक्ष्मीबाईंनी मात्र उपाशी कोण आहे तेवढेच पाहिले. तसेच मिरजेचे डॉ. विल्यम वॉनलेस. ते प्रेस्बिटेरियन पंथाचे. आपल्या वेदीशी त्यांचा संबंध नव्हता. 1894 मध्ये त्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि कोणत्याही जातीच्या रुग्णाला तेथे उपचार मिळाले.

येथे एक वाचक विचारील: परधर्मीयही अशी शेजारप्रीती करतात, तर मग परमेश्वरावरील प्रीतीची आवश्यकता कोठे राहिली? आमचे उत्तर असे की प्रभूने स्वतःच आदर्श म्हणून याजकाला किंवा लेव्याला निवडले नाही, शोमरोन्याला निवडले. परक्याचे पुण्य पाहून आपली श्रद्धा लहान होत नाही. फक्त आपला अभिमान लहान होतो, आणि तो व्हायलाच हवा. परमेश्वराची कृपा आपल्या मंदिराच्या भिंतींत मावणारी नाही. राहिला प्रश्न परमेश्वरप्रीतीचा. प्रीती ही आज्ञा कशी होऊ शकते, याचा विचार पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2005 सालच्या आपल्या पहिल्या परिपत्रात केला आहे. ती आधी आपल्याला मिळालेली असते, म्हणूनच ती मागता येते. मिस्सामध्ये आपण जे फुकट स्वीकारतो, त्याचे ऋण परमेश्वराला परत करता येत नाही. ते शेजाऱ्याकडे वळवावे लागते. दिसणाऱ्या भावावर प्रीती न करणारा न दिसणाऱ्या देवावर प्रीती करू शकत नाही, असे संत योहान आपल्या पहिल्या पत्रात बजावतो, त्याचा अर्थ हाच.

आता पूर ओसरला असता शेजारी कोण, हेही पाहिले पाहिजे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कृष्णाकाठी उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून ती दोघे पहाटेच्या थंडीत फडात शिरतात. चार-पाच महिने त्यांच्या खोपी आपल्या घरांपासून हाकेच्या अंतरावर असतात. आपण त्यांच्या वस्तीवरून मिस्साला जातो आणि येतो. त्यांच्यातील गरोदर स्त्रीला दवाखाना कोण दाखवतो? त्यांची मुले हंगामात शाळेत जातात की धाकट्या भावंडांना सांभाळत पाचटावर बसतात? याजक आणि लेवी यांनी जखमी माणसाला मारले नव्हते. ते केवळ पलीकडच्या बाजूने निघून गेले. पोप फ्रान्सिस यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रात याच कथेवर एक संपूर्ण अध्याय लिहिला, तो आपण घरी एकत्र बसून जरूर वाचावा.

शोमरोन्याचे आणखी एक लक्षण ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याने जखमा बांधल्या आणि उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले. शिवाय परत येऊन उरलेला खर्च फेडण्याचे वचन दिले. त्याच्या दयेला हिशेब होता आणि उद्याची आठवण होती. नाताळला एकदा फराळ वाटून आपली शेजारप्रीती पुरी होत नाही. ज्याच्याकडे शेत आहे त्याने मजुराला योग्य मजुरी वेळेवर द्यावी. जी शिक्षिका आहे तिने खोपीतील दोन मुलांना आपल्या वर्गात बसवून घेण्याची खटपट करावी. जी परिचारिका आहे तिने आठवड्यातून एक संध्याकाळ त्या वस्तीला द्यावी. न्यायाने जे देणे लागतो ते दान म्हणून देऊ नये.

आपण थोडे आहोत, ही गोष्ट खरी. परंतु शोमरोनी एकटाच होता. शेवटच्या न्यायाविषयी संत मत्तयच्या 25 व्या अध्यायात प्रभू जे सांगतो, त्यात भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांची नावे येतात. त्यांचा धर्म, जात किंवा गाव कोठेही विचारलेले नाही. हंगाम सुरू झाला की त्या वस्तीकडे जाणारी वाट चोखाळण्याचे सामर्थ्य प्रभूने आपणा सर्वांस द्यावे.